आसंजनाचे माप : एका शब्दाचा प्रयोगशाळेतील प्रवास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवीत; आणि विज्ञान मराठीतून शिकविता येते, एवढेच नव्हे तर शिकविलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. मी जन्मभर मराठी शिकविले. तेव्हा त्यांच्या नावाने बोलावयाचे तर ज्यात भाषा आणि विज्ञान यांची गाठ पडते असा विषय घ्यावा, असे मला वाटले. सजीवांच्या पेशी एकमेकींना आणि आपल्या भोवतालाला कशा चिकटतात, आणि हे चिकटणे प्रयोगशाळेत मोजण्याचा उद्योग माणसाने कसा केला, याचा इतिहास मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

शालेय पुस्तकांत आपण ‘आसंजन’ आणि ‘संसंजन’ हे दोन शब्द वाचलेले असतात. भिन्न पदार्थांचे एकमेकांना धरून राहणे ते आसंजन, आणि एकाच पदार्थाच्या कणांचे परस्परांना धरून राहणे ते संसंजन. दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘सञ्ज्’ हा संस्कृत धातू आहे. ‘संग’ आणि ‘आसक्ती’ हे शब्द याच धातूपासून आले. म्हणजे आपल्या भाषेत काचेला चिकटलेली पेशी आणि संसाराला चिकटलेला जीव हे एकाच कुळातले आहेत. बडोद्याच्या श्रोत्यांना परिभाषेचे महत्त्व मी सांगावयास नको. ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा अनेक भाषांतील शासनशब्दांचा कोश १९३१ साली याच नगरीत प्रसिद्ध झाला. नेमका शब्द सापडला की नेमका विचार करता येतो, ही त्यामागची श्रद्धा. आजच्या कथेत मात्र उलट अनुभव येतो. शब्द हाती होता, पण त्याचा अर्थ नेमका होण्यास मोजमापाची वाट पाहावी लागली.

या इतिहासाचा आरंभ १९०७ या वर्षाने करणे सोयीचे आहे, कारण त्या एका वर्षी अमेरिकेत दोन स्वतंत्र प्रयोग प्रसिद्ध झाले. पहिला एच. व्ही. विल्सन यांचा. त्यांनी समुद्रातील जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. त्याच्या पेशी सुट्या होऊन समुद्राच्या पाण्यात पसरल्या. थोड्या वेळाने त्या सरपटत एकमेकींजवळ आल्या, त्यांचे पुंजके झाले, आणि त्या पुंजक्यांतून पुन्हा लहान लहान स्पंज तयार झाले. दुसरा प्रयोग रॉस हॅरिसन यांचा. बेडकाच्या भ्रूणातील मज्जापेशींचा तुकडा त्यांनी गोठलेल्या लसिकेच्या थेंबात ठेवला आणि त्यातून तंतू फुटून वाढताना प्रत्यक्ष पाहिले. शरीराबाहेर ऊती वाढविण्याच्या शास्त्राचा हा प्रारंभ होय. हॅरिसन पुढे एक पाऊल गेले. १९१४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी दाखविले की भ्रूणपेशींना सरकण्यासाठी घन आधार लागतो. असा आधार म्हणून त्यांनी कोळ्याच्या जाळ्याचे तंतू वापरले होते, आणि पेशी त्या तंतूंना धरून लांबट होत पुढे जात होत्या. पेशीला नुसते अन्न पुरत नाही, पाय रोवावयास जागाही लागते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

यानंतरची तीसएक वर्षे वर्णनाची होती. या काळातील सर्वांत मोठे नाव जर्मन भ्रूणशास्त्रज्ञ योहानेस होल्टफ्रेटर यांचे. १९३९ साली त्यांनी ‘ऊतींची आप्तता’ अशा अर्थाची संकल्पना मांडली. उभयचर प्राण्यांच्या भ्रूणातील ऊतींचे तुकडे शेजारी ठेवले तर काही एकमेकांना धरतात आणि काही दूर सरतात, हे त्यांचे निरीक्षण. त्याच वर्षी त्यांनी जर्मनी सोडली. महायुद्धात शत्रुदेशाचा नागरिक म्हणून कॅनडात त्यांना स्थानबद्ध व्हावे लागले. आणि पुढे अमेरिकेत स्थिरावल्यावर, टाउन्स या सहकाऱ्यासह, १९५५ साली त्यांनी आपला प्रसिद्ध प्रयोग प्रकाशित केला. भ्रूणाच्या निरनिराळ्या थरांतील पेशी सुट्या करून त्यांची मिसळ केली असता त्या आपापल्या जातीच्या पेशी शोधून वेगळ्या झाल्या, आणि त्वचेच्या पेशी बाहेर व इतर पेशी आत असा मूळचाच क्रम त्यांनी पुन्हा धारण केला.

येथे भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबावयास हवे. ‘आप्तता’ हा शब्द माणसांच्या नात्यांतून उचललेला आहे. तो आपल्याला लगेच पटतो, आणि पटतो म्हणूनच तो धोक्याचा आहे. पेशी ‘आपल्या माणसांकडे’ जातात असे म्हटले की काहीतरी उलगडल्यासारखे वाटते; प्रत्यक्षात घडलेल्या गोष्टीला आपण फक्त दुसरे नाव दिलेले असते. ही आप्तता किती, ती कमी-अधिक होते काय, कशाने होते, या प्रश्नांना त्या शब्दापाशी उत्तर नाही. उत्तर मिळवावयाचे तर मोजावे लागेल.

मोजण्याचा एक धीट प्रयत्न १९४४ साली डेल कोमन या अमेरिकी रोगनिदानतज्ज्ञाने केला होता. एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी घेऊन त्यांतील एक पेशी अतिसूक्ष्म काचेच्या सुईने ओढावयाची, आणि पेशी सुटण्याच्या क्षणी सुई किती वाकली ते सूक्ष्मदर्शकातून पाहावयाचे, अशी त्यांची रीत. सुईचे वाकणे हाच त्यांचा तराजू. निरोगी त्वचेसारख्या ऊतीतील पेशी सोडविण्यास जेवढे बळ लागे, त्याहून पुष्कळ कमी बळात त्याच जातीच्या कर्करोगी पेशी सुटत. कर्करोग शरीरभर का पसरतो, या प्रश्नाला कोमन यांनी त्यातून एक उत्तर सुचविले : त्या पेशी एकमेकींना घट्ट धरीत नाहीत, म्हणून निखळून दूर जातात. आज आपल्याला ठाऊक आहे की हे उत्तर पुरते नाही; निखळलेल्या पेशीला परक्या जागी पुन्हा चिकटावेही लागते. पण आसंजन हा जीवनमरणाचा प्रश्न आहे, हे कोमन यांच्या सुईने स्पष्ट केले.

सुई एका वेळी एकच जोडी मोजते. सर्वसाधारण प्रयोगशाळांत रूढ झाली ती याहून सोपी रीत. पेशी तबकडीत सोडावयाच्या, ठरावीक वेळ थांबावयाचे, मग द्रवाने धुवावयाचे, आणि ज्या उरल्या त्या मोजावयाच्या. यात दोन अडचणी होत्या. पहिली हाताची. एकाचा हात हलका, दुसऱ्याचा जड. तेव्हा मोजले जाते ते पेशीचे चिकटणे की धुणाऱ्याचा हात, हे सांगणे कठीण. म्हणून हाताच्या जागी यंत्र आले. १९८१ साली मॅक्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबकडी उलटी धरून अपकेंद्री यंत्रात फिरविण्याची रीत प्रसिद्ध केली. फिरण्याचा वेग ठाऊक असला की पेशीवरील ओढ गणिताने काढता येते. दोन समांतर पट्ट्यांमधून द्रव वाहविण्याची रीतही याच हेतूने प्रचारात आली.

दुसरी अडचण अधिक खोल होती. पेशी सुट्या केल्यावाचून प्रयोग सुरू होत नाही, आणि त्या सुट्या करण्यासाठी ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य वापरीत. राउस आणि जोन्स यांनी १९१६ साली ही युक्ती दाखविली होती, आणि १९५२ साली आरॉन मोस्कोना यांनी ती पक्षी व सस्तन प्राण्यांच्या भ्रूणांसाठी प्रचारात आणली. पण ट्रिप्सिन पेशी सोडविते ते तिच्या पृष्ठभागावरील धरून ठेवणारी प्रथिने कुरतडूनच! जे मोजावयाचे तेच आधी नष्ट करावयाचे, असा हा प्रकार झाला. यातून वाट काढली ती जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी. क्योटोहून ते अमेरिकेत बाल्टिमोर येथील कार्नेगी संस्थेच्या प्रयोगशाळेत गेले, तेव्हा नेहमीच्या रीतीने सुट्या केलेल्या पेशी तेथे निराळ्या वागू लागल्या. शोध घेता फरक सापडला तो ट्रिप्सिनच्या द्रावणात : तेथील द्रावणात कॅल्शियम बांधून टाकणारे द्रव्य मिसळलेले होते, क्योटोच्या द्रावणात ते नव्हते. कॅल्शियमच्या सान्निध्यात एक विशिष्ट आसंजनव्यवस्था ट्रिप्सिनच्या तावडीतून सुटते, आणि त्याच्या अभावी नष्ट होते, हे त्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केले. त्या व्यवस्थेतील प्रथिनांना पुढे ‘कॅडहेरिन’ हे नाव मिळाले. दोन प्रयोगशाळांच्या पाककृतीतील एका घटकाचा भेद दुर्लक्षून पुढे जाणे सहज शक्य होते. ताकेइची थांबले, म्हणून शोध लागला.

आता होल्टफ्रेटर यांच्या आप्ततेकडे परत येऊ. माल्कम स्टाइनबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६२ आणि १९६३ साली एक साधा पण क्रांतिकारक विचार मांडला. पेशींना आपली जात ओळखावी लागते असे मानण्याचे कारण नाही. तेल आणि पाणी एकत्र घुसळले तर ती वेगळी होतात, तेथे ओळख कोणाची नसते. पेशींच्या पुंजक्याला द्रवाचा थेंब माना. ज्या ऊतीचे संसंजन अधिक ती आत गोळा होईल. ज्या ऊतीचे कमी ती तिच्याभोवती पसरेल. हे खरे असेल तर प्रत्येक ऊतीला पृष्ठताण असला पाहिजे, आणि तो मोजता आला पाहिजे.

मोजण्यास पुढे तीन दशके गेली. १९९६ साली फोटी, स्टाइनबर्ग व सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणातील पाच ऊतींचे गोळे दोन समांतर पट्ट्यांमध्ये दाबून, लागलेले बळ आणि गोळ्याचा आकार यांवरून त्यांचे पृष्ठताण काढले. अवयवांच्या अंकुरातील ऊतीचा पृष्ठताण २०.१ डाइन प्रतिसेंटिमीटर, डोळ्यातील रंगद्रव्ययुक्त थराचा १२.६, हृदयाचा ८.५, यकृताचा ४.६ आणि दृष्टिपटलाचा १.६. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ आहे, हे तुलनेसाठी ध्यानात घ्यावे. आणि या ऊतींच्या जोड्या मिसळल्या असता कोणती आत व कोणती बाहेर राहते, तो क्रम या आकड्यांच्या क्रमाशी जुळला. त्याआधी, १९९४ साली, स्टाइनबर्ग आणि ताकेइची यांनी मिळून दाखविले होते की एकाच प्रकारचे कॅडहेरिन कमी व अधिक प्रमाणात धारण करणाऱ्या पेशी मिसळल्या, तर कमीवाल्या बाहेर जातात. जेथे पूर्वी नाते दिसत होते, तेथे आता प्रमाण दिसू लागले. पेशींच्या ओळखीचा प्रश्न यामुळे पूर्णपणे मिटला असे नव्हे. पण ‘आप्तता’ हा शब्द आता आकड्याला उत्तरदायी झाला.

हे झाले पेशी-पेशींमधले नाते. पेशी आणि तिच्या पायाखालची भूमी यांचा हिशेब निराळा. १९७१ साली मायकेल अॅबरक्रॉम्बी व सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखविले की सरकत्या पेशीच्या तळाशी सर्वत्र सारखा चिकटा नसतो. ठराविक ठिकाणी दाट ठिपके असतात. १९७६ साली इझार्ड आणि लॉकनर यांनी प्रकाशाच्या व्यतिकरणाच्या साहाय्याने या ठिपक्यांखालचे अंतर १० ते १५ नॅनोमीटर असल्याचे सांगितले. पेशी भूमीला सर्वांगाने बिलगत नाही, नेमक्या जागी पाय रोवते.

किती जोराने रोवते? १९८० साली आल्बर्ट हॅरिस व सहकाऱ्यांनी एक मनोहर युक्ती योजली. पातळ सिलिकॉनचा वरचा थर क्षणभर ज्योत दाखवून घट्ट केला; दुधावर साय धरावी तशी. त्या सायीवर पेशी सोडल्या. पेशींनी पाय रोवून ओढ घेताच सायीवर सुरकुत्या पडल्या! पेशी भूमीला नुसती चिकटत नाही, ती भूमीला ओढते, हे डोळ्यांनी दिसले. सुरकुत्यांवरून नेमका आकडा काढणे अवघड असते. म्हणून पुढे मऊ जेलमध्ये चमकणारे सूक्ष्म मणी मिसळून, पेशीच्या ओढीने ते किती सरकतात हे मोजण्याची रीत आली. डेम्बो आणि वांग यांचा १९९९ चा निबंध या रीतीचा पाया मानतात. २००१ साली बलाबान व सहकाऱ्यांनी ठिपक्यावरील ताण सुमारे ५.५ नॅनोन्यूटन प्रतिचौरस मायक्रोमीटर असल्याचे दाखविले. हा ताण सुमारे ५६ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाखालील दाबाएवढा आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाच्या मानाने हे बळ थोडे नव्हे.

या ठिपक्यांत पेशीचा हात कोणता आणि भूमीचा कोणता, तेही याच काळात उलगडले. रिचर्ड हाइन्स यांनी १९७३ साली दाखविले की निरोगी पेशीच्या पृष्ठभागावरील एक मोठे प्रथिन पेशी कर्करोगी झाली की नाहीसे होते. ते फायब्रोनेक्टिन. १९८४ साली पियर्शबाकर आणि रुओस्लाती यांनी त्या प्रचंड प्रथिनात पेशी जेथे हात घालते तो भाग तीन अमिनो आम्लांच्या क्रमापर्यंत आणून ठेवला. आणि १९८६ साली पेशीच्या त्या हाताला हाइन्स यांच्या प्रयोगशाळेने ‘इंटेग्रिन’ हे नाव दिले, कारण तो पेशीबाहेरची जाळी आणि पेशीच्या आतला सांगाडा यांना एकसंध करतो. या शोधासाठी हाइन्स, रुओस्लाती आणि टिमोथी स्प्रिंगर यांना २०२२ साली लास्कर पारितोषिक मिळाले.

हात सापडल्यावर एकाच बंधाचे बळ मोजण्याची इच्छा होणे स्वाभाविक होते. परंतु येथे मोजणाऱ्यांपुढे एक विलक्षण सत्य उभे राहिले. १९७८ साली लॉस अलामॉस येथील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज बेल यांनी गणिताने मांडले की अशा बंधाला ‘अमुक इतके बळ’ असा एक आकडा नसतोच. प्रत्येक बंध कधी ना कधी आपोआप सुटणारच असतो. ओढल्याने त्याचे आयुष्य झपाट्याने कमी होते, एवढेच. तेव्हा सावकाश ओढले तर थोड्या बळात सुटेल, झटक्याने ओढले तर अधिक बळ लागेल. हे बेल गिर्यारोहकही होते. १० ऑगस्ट १९५३ रोजी के-टू शिखरावर आजारी सहकाऱ्याला खाली आणताना त्यांचा पाय घसरला, दोर एकमेकांत अडकून इतरही ओढले गेले, आणि पीट शोनिंग या सहकाऱ्याने बर्फकुऱ्हाडीच्या आधाराने तो सारा भार एकट्याने पेलला. त्या प्रसंगाचा आणि गणिताचा संबंध जोडण्यास माझ्यापाशी पुरावा नाही, म्हणून जोडीत नाही. पण धरून राहणे म्हणजे काय, याचा इतका प्रत्यक्ष अनुभव थोड्याच शास्त्रज्ञांना आला असेल.

पुढे २००३ साली आणखी आश्चर्य घडले. रक्तातील पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीशी बांधणारे काही बंध, काही मर्यादेपर्यंत, ओढल्याने अधिक काळ टिकतात, असे प्रयोगाने सिद्ध झाले. आपल्या भाषेत यासाठी शब्द तयार आहेत : ओढली की सुटते ती सुरगाठ, ओढली की आवळते ती निरगाठ. निसर्गाने दोन्ही वापरल्या आहेत.

या सूक्ष्म मोजमापांचा माणसाला उपयोग काय, असे कोणी विचारील. १९९१ साली लॉरेन्स आणि स्प्रिंगर यांनी वाहत्या द्रवात पाहिले की पांढऱ्या पेशी एका प्रकारच्या प्रथिनावर घरंगळत मंदावतात, आणि मग इंटेग्रिनच्या पकडीने थांबतात. थांबल्यावाचून त्या रक्तवाहिनीबाहेर पडून जंतूंपर्यंत पोहोचू शकत नाहीत. काही थोड्या अर्भकांत जन्मतःच या इंटेग्रिनचा एक घटक सदोष असतो. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी उदंड असतात, पण जखमेत पू धरत नाही, कारण त्या पेशी प्रवाहात नीट थांबू शकत नाहीत. संसर्गामागून संसर्ग होतात आणि गंभीर प्रकारात उपचारावाचून मूल दगावते. या रोगाची एक प्रारंभीची खूण म्हणजे बाळाची नाळ वेळेवर गळून पडत नाही. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका नाळ पडण्याकडे बारकाईने लक्ष ठेवीत. तीन आठवडे उलटूनही नाळ पडली नाही, तर आता डॉक्टरला या कारणाचाही विचार करावा लागतो.

या इतिहासाशी मराठी माणसाचा संबंध शोधावयाचा तर तो ओढूनताणून जोडू नये. पण एक दुवा खरा आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले, आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील आरंभीची ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचे स्वतःचे संशोधन प्रामुख्याने कर्करोगावर होते, आसंजनमापनावर नव्हे. परंतु पेशी काचेवर जिवंत ठेवण्याची विद्या या देशात रुजल्यावाचून त्या पेशी किती घट्ट धरतात, हा प्रश्न येथे कोणाला विचारताच आला नसता.

शेवटी आणखी एक शब्द. १९९४ साली फ्रिश आणि फ्रान्सिस यांनी दाखविले की कित्येक निरोगी पेशींचा आधार सुटला की त्या आपोआप मरतात. या मरणाला त्यांनी ग्रीक भाषेतून ‘अनॉइकिस’ हे नाव दिले, अर्थ, बेघरपणा. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना या शब्दावरून रूपक रचण्याचा मोह होईल. मी तो आवरतो, कारण आजच्या कथेचे सार नेमके त्याविरुद्ध आहे. ‘आप्तता’ हे रूपक होते तोवर ते सर्वांना पटत होते आणि कोणालाच तपासता येत नव्हते. सुई, अपकेंद्री यंत्र, सिलिकॉनची साय, समांतर पट्ट्या यांनी ते तपासले. आणि तपासताना एकाच शब्दाखाली दडलेल्या चार निराळ्या गोष्टी सुट्या झाल्या : पेशीने भूमीला धरणे, पेशीने पेशीला धरणे, भूमीला ओढणे, आणि एकेका बंधाचे टिकणे. प्रत्येकीचे माप वेगळे, एकक वेगळे.

म्हणून शिक्षकांना आणि येथे बसलेल्या विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती की ‘आसंजन’ हा शब्द परीक्षेत व्याख्येसह लिहून थांबू नका. हे कोणी मोजले, कशाने मोजले, आणि मोजण्यापूर्वी त्या वस्तूचे काय केले, हे तीन प्रश्न प्रत्येक पारिभाषिक शब्दाला विचारा. हे प्रश्न मराठीतून विचारता येतात. त्यांची उत्तरेही मराठीतून देता येतात, असा ज्या गुरुजींचा विश्वास होता, त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.